नदीकाठच्या सभेत मी जे बोलले

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. आई होती तोवर तिला सांगावंसं दोन-तीनदा वाटलं, पण ती मंदाला माझ्याआधी जेवायला वाढायची — तिला कसं सांगणार होते? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढे सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही जात नाहीये.

माझं माहेर महाल भागातलं. घरापासून दोन गल्ल्या खाली उतरलं की नाग नदी. नदी म्हणायचं आपलं — काळं पाणी, त्यावर फेस, काठाला अडकलेल्या प्लास्टिकच्या पन्न्या आणि वास. पाहुणे आले की आधी नाकाला रुमाल लावायचे, मग नमस्कार करायचे. काठावरच्या वस्तीत, अगदी शेवटच्या रांगेत, मंदा राहायची. आम्ही एकाच मंडळातून कबड्डी खेळलो. मी चढाईला जायची, ती कोपरा धरायची. एकदा अमरावतीच्या सामन्यात माझा गुडघा फिरला, तर तिनं मला पाठीवर घेऊन मैदानापासून स्टँडपर्यंत नेलं आणि रस्ताभर शिव्या घातल्या. "काय खाते वं तू? धोंडे खाते का?"

लग्न झाल्यावरही ती वस्तीतच राहिली. नवरा, गजानन, तिथलाच. तिनं इस्त्रीचा ठेला लावला. वरच्या गल्ल्यांतले कपडे यायचे तिच्याकडे. माझी मुलगी शाळा सुटली की मी ऑफिसातून येईपर्यंत तिच्याच ठेल्यावर बसून असायची. किती वर्षं? बरीच. त्याबद्दल मंदानं कधी काही बोलून दाखवलं नाही.

माझं ऑफिस सदरला होतं. आमच्या मालकांनी शहराची कबड्डीची टीम विकत घेतली होती आणि जुनी खेळाडू म्हणून मला कामावर घेतलं होतं. मग त्यांनी नदीकाठ मनावर घेतला. काठावर स्टेडियम, फिरायला फरसबंद रस्ता, दुकानांचे गाळे, दिवे. वरच्या अंगाला सांडपाणी साफ करायचं केंद्र, म्हणजे नदीत खरोखरचं पाणी. वस्तीतल्या लोकांना मागच्याच मोकळ्या जागेवर पक्की घरं. लोकांना हे समजावून सांगायला तिथलीच कुणीतरी हवी होती. मी होते.

सुरुवातीला मी खोटं बोलत नव्हते. माझा विश्वास होता — हे मी स्वतःला सोडवायला सांगत नाही, तसं होतं म्हणून सांगते. मंदाचाही होता. ती म्हणायची, "पानी साफ झालं का पयले मीच पाय टाकून बसीन. तू बस मंग फोटो काढत."

मग एक दिवस ऑफिसात बैठक झाली. केंद्राचा खर्च फार होतो, त्यात दोन-तीन हंगाम जातील, असं कुणीतरी म्हणालं. मालक हसले. म्हणाले, "टीव्ही पे बदबू नहीं आती." सगळे हसले. मीही हसले. केंद्र तिथंच वगळलं गेलं. घरांसाठी धरलेली जागा गाड्या उभ्या करायला गेली, आणि घरं सरकली थेट बाहेरच्या रिंगरोडच्या पलीकडे. निघताना मालक मला म्हणाले, "बस्ती में अभी कुछ मत बोलना, रेखाजी."

मी त्याच संध्याकाळी मंदाला सांगितलं. मुलीला घ्यायला गेले होते. मंदा शर्टाची कॉलर दाबत होती आणि मला राहवलं नाही.

"खरं सांगून राहिली?" तिनं विचारलं.

"खरं वं."

"मंग लोकाईले सांगा लागन."

"माह्यं नाव नोको घेजो. नोकरी जाईन माही."

"नाही घेत. येडी हाये का तू?"

इतकंच बोलणं झालं. तिनं कॉलर उलटवून पुन्हा दाबली.

पुढच्या रविवारी नदीकाठच्या शाळेच्या मैदानात सभा होती. सतरंज्या टाकल्या होत्या, टीमचे दोन खेळाडू आणले होते, पोरं त्यांच्याभोवती गर्दी करून होती. मालक बोलले, टाळ्या पडल्या. सगळं व्यवस्थित चाललं होतं, आणि मंदा उठली. पदर कमरेला खोचून, सामन्यात उभी राहायची तशीच.

"गंद्या पान्याचं केंद्र बांधनार हाये का नाही? अन् घरं इथंच भेटन का रिंगरोडच्या पार? एवढं सांगा."

गजानन वस्तीच्या कमिटीत होता, पुढच्या रांगेत बसला होता. तोही मागं वळून तिच्याकडे बघायला लागला. म्हणजे तिनं घरीसुद्धा सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्यानं विचारलं असतं, तुले कोनं सांगतलं? मंदानं माझं नाव घ्यायचं नाही म्हटलं होतं, तर घरातही घेतलं नव्हतं.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "रेखाजी बतायेंगी." माईक माझ्या हातात आला.

मी काय काय बोलू शकले असते! सगळं ठरल्याप्रमाणे होईल, एवढं गुळमुळीत बोलून खाली बसता आलं असतं. ते खोटंच झालं असतं, पण साधं खोटं. गप्प राहता आलं असतं. मग मी ते का बोलले? मला कुणी शिकवलं नव्हतं. मालकांनी तसं काही सुचवलं नव्हतं. ते माझं मीच — तिथं उभ्या उभ्या —

मी म्हणाले, "मंदा माझी लहानपणची मैत्रीण आहे, म्हणून सांगायला वाईट वाटतं. नव्या गाळ्यांपैकी एक गाळा तिनं माझ्याकडे आपल्यासाठी मागितला होता. मी नाही म्हटलं. तेव्हापासून ती असं बोलून राहिली."

यातला एक शब्द खरा नव्हता. मंदानं गाळा मागितला नव्हता. तिनं माझ्याकडे कधीच काही मागितलं नाही.

गाळाच का म्हणाले? कारण वस्तीतल्या लोकांना काय लगेच पटेल ते मला माहीत होतं. इस्त्रीवाली बाई, तिला पक्कं दुकान हवं असणारच. मी त्यांच्यातली होते ना — म्हणूनच तर मला ठेवलं होतं.

मागून कुणीतरी ओरडलं, "हाव ना! म्हनूनच म्हनलं, हिले एवढी काहून चिंता!" लोक हसले. मंदा माझ्याकडे बघत होती. हिनंच मले सांगतलं, एवढं ती म्हणाली असती तर माझं सगळं तिथंच संपलं असतं. मी वाट बघत होते. ती म्हणाली नाही. थोडा वेळ उभी राहिली आणि सतरंजीवर बसली.

लोकांनी संमती दिली. त्या दिवसापासून बाया मंदाशी बोलेनाशा झाल्या. नळावर ती आली की विषय बदलायचा. माझी मुलगी मी तिच्या ठेल्यावर पाठवणं बंद केलं. मंदानं कारण विचारलं नाही.

दिवाळीच्या आधी वस्ती उठली. रिंगरोडच्या पलीकडे इमारती होत्या, आजूबाजूला काही नव्हतं. तिथं इस्त्रीला कपडे कोण देणार? गजानन महालात एका दुकानात कामाला होता, त्याचा अर्धा दिवस येण्याजाण्यात जायला लागला. इकडे स्टेडियमचे खांब उभे राहिले. मग टीम हरत गेली, मालकांनी ती विकून टाकली आणि नदीकाठातून अंग काढून घेतलं. आता तिथं पत्र्याचं कुंपण आहे, आत खांब आहेत, फरसबंद रस्त्याचा एक तुकडा आहे आणि न लागणारे दिवे आहेत. बाजूनं नदी तशीच वाहते. कुणाचंच काही भलं झालं नाही. म्हणजे — माझं झालं. सभेनंतर मला कायम केलं होतं, आणि जाताना मालकांनी शब्द टाकून दुसरीकडे चिकटवून दिलं. आम्ही धरमपेठेत राहायला गेलो.

मी एकदा तिच्या नव्या घरी गेले होते. सांगायचंच म्हणून गेले होते. मंदा चहा ठेवायला आत गेली, तेव्हा गजानन खुर्ची ओढून जवळ बसला. आवाज बारीक करून म्हणाला, "रेखाताई, एक विचारू का? राग नोका मानू. हिनं खरंच गाळा मागतला होता का?"

तो उत्तरासाठी किती दिवस थांबला असेल?

"ती म्हनते, नाही मागतला," तो म्हणाला. "मी म्हनलं, मंग रेखाताई काहून म्हनन तसं?"

आत स्टोव्हचा आवाज बंद झाला होता. ती ऐकत होती, मला खात्री आहे. आणि मी म्हणाले, "जाऊ द्या ना भाऊ. जुनं झालं आता."

गजाननानं मान हलवली. त्याला उत्तर मिळालं होतं. मंदा कप घेऊन बाहेर आली, तिनं माझ्या मुलीची चौकशी केली, आणि मी चहा प्यायले.

गजानन मागच्या उन्हाळ्यात गेला. कामावरून येताना बसमध्येच छातीत दुखायला लागलं. एवढी वर्षं तो तिच्याबरोबर राहिला, आपल्या बायकोनं सगळ्यांना सोडून एकटीसाठी दुकान मागितलं होतं असं समजून. भांडला असेल का तिच्याशी? की नुसता गप्प होत गेला? मला माहीत नाही. आता त्याला सांगायची सोय उरली नाही. मंदा आहे. तिला मी काय सांगणार? तिला सगळं माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगायचं होतं, आणि ती माणसं कुठं कुठं पांगली आहेत, काही मेली आहेत.

मी तेरवीला गेले. इमारतीच्या खाली मांडव होता. बाया मंदापासून थोड्या अंतरावर बसल्या होत्या. ती उठून माझ्याजवळ आली. फार वाळली आहे. "जेवली का वं?" तिनं विचारलं, आणि वाढणाऱ्याला हाक मारून माझ्यापुढं ताट ठेवायला लावलं. शेजारच्या एका बाईनं मला विचारलं, "तुम्ही कोन हिच्या?"

मंदा समोरच उभी होती.

"मैत्रीण," मी म्हणाले.

माझ्या ताटात बुंदी वाढायची राहिली होती, ती मंदानं वाढायला सांगितली. मी जेवले, हात धुतले, आणि बसची वाट न बघता ऑटो करून निघून आले.