मोगरा उमरग्याला पोचला

अक्का आपल्याशी बोलत असल्या तरी त्यांचा एक कान जिन्याकडे असायचा. मान जराशी तिरकी, पदर कानामागे खोचलेला. बोलता बोलता वाक्य अर्ध्यातच सोडून "आले, आले" करत खाली पळायच्या आणि बऱ्याच वेळानं वर येऊन तेच वाक्य, जिथं सोडलं होतं तिथूनच, पुढं चालू करायच्या. तोवर आपण काय बोलत होतो हेच मी विसरलेली असायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला आधी आधी त्यांचा रागच यायचा.

कर्नाटकातल्या आळंदमध्ये आमची घरं एकमेकांना चिकटून. गच्च्यांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. मी घरीच लग्नपत्रिका जुळवून देते, मराठी आणि कन्नड दोन्ही. अक्का तुरीच्या अडत्याच्या घरातल्या सूनबाई. माहेर उमरग्याचं, म्हणजे बसनं तासाभराची वाट. पण सासरी सगळे कन्नड बोलणारे, त्यामुळे पोटभर मराठी बोलायला भिंतीपलीकडची मीच. मालक दिवसभर अडतीत, मुलगा पुण्याला नोकरीत. खाली लोखंडी पलंगावर सासूबाई. त्यांना सगळे अव्वा म्हणायचे. अर्धांगवायूनं त्यांची डावी बाजू गेली होती आणि वाचाही. चांगल्या हाताशी स्टीलचा लोटा असायचा. काही हवं झालं की तो पलंगाच्या दांड्यावर आपटायचा. तो लोटा जिथवर ऐकू येईल तिथवरच अक्कांना जाता यायचं, आणि ते अंतर गच्चीच्या कठड्याशी संपत होतं.

लाईट गेली, नळाला पाणी उशिरा आलं, मोबाईलवर ते गोल चक्र फिरत बसलं, तरी अक्कांचं एकच म्हणणं. "होऊ दे की निवांत. कुठं जायचंय मला?" हे त्या हसून म्हणायच्या. मलाही हसू यायचं, नंतर नंतर यायचं बंद झालं.

एक दिवस भिंतीवर कोपर टेकून म्हणाल्या, "ए, ते ब्लॉग म्हणत्यात ते मला लिहायचंय. बागंवर."

बाग म्हणजे तेव्हा एक तुळस आणि रंगाच्या डब्यात न उगवलेली कोथिंबीर.

"अक्का, आधी बाग तर करा."

"दोन्ही संगंच शिकते की."

"मग व्हिडिओ कामून करत न्हाई? आजकाल सगळे तेच करायलेत."

"व्हिडिओत मधीच लोटा वाजंल. लिहिलेलं अर्धं सोडून जाता येतंय."

पत्रिकेचा मजकूर जुळवणं आणि ब्लॉग काढणं यात फार फरक नसावा अशा समजुतीनं मी शिकवायला बसले. मला काहीच येत नव्हतं. ईमेल काढण्यात एक सकाळ गेली, पासवर्ड विसरण्यात दुसरी. भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे त्या, आणि मोबाईल मधल्या भिंतीवर. अखेर ब्लॉग उघडला. पहिलाच लेख त्यांनी अगदी ठणकावून लिहिला: कुंडीत काळीच माती भरावी, आमच्या रानातल्यासारखी माती दुनियेत नाही. तुरीच्या रानातली ती माती पोत्यानं आणून त्यांनी डबे, बादल्या, फुटका माठ, सगळं काठोकाठ भरलं होतं. मीही मान डोलावली. आमच्या भागात काळ्या मातीबद्दल कुणी शंका घेत नाही.

पाणी घातलं की त्या मातीचा चिखल व्हायचा आणि उन्हानं वाळली की वीट. भेगांत बोट जायचं. गुलाब गेला, जास्वंद गेली, मिरची पिवळी पडली. तेवढ्यात उमरग्याच्या एका बाईंची ब्लॉगवर प्रतिक्रिया आली, की ताई, काळी माती रानात सोनं असेल पण कुंडीत चालत नाही, मुळं गुदमरतात, तांबडी माती घ्या.

अक्का भडकल्या. "आमच्या रानाला नावं ठेवायलीय! आन् तीबी उमरग्याची!" दोन दिवस मोबाईलला हात लावला नाही. मग त्यांनी दुसरा लेख लिहिला. त्यात होतं, "माझी सगळी रोपं मेली. रानातली माती डब्यात कोंडली, माझं चुकलं." तो मात्र लोकांनी वाचला. ज्यांची रोपं मेली होती अशा बायका कुठून कुठून लिहायला लागल्या. मी हुमनाबादच्या पुढून तांबडी माती जीपमध्ये घालून आणून दिली आणि जीपवाल्याची बोलणीही खाल्ली.

तांबड्या मातीत मोगरा लागला. त्यातही एक गंमत. फुलांच्या ब्लॉगवर फूल कधी दिसायचंच नाही. घर लिंगायत; अव्वांची इष्टलिंगाची, म्हणजे गळ्यातल्या लिंगाची, पूजा झाल्याशिवाय त्या पाण्याचा थेंब घ्यायच्या नाहीत, आणि उमललेलं प्रत्येक फूल पहाटे त्या पूजेला जायचं. लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं असतं. अव्वांचा डावा हात तर मेलेला. म्हणून अक्का आपली पूजा आधी उरकायच्या, मग अव्वांच्या हाताखाली स्वतःचा डावा तळहात धरून बसायच्या. अव्वा उजव्या हातानं विभूती लावायच्या, फूल वाहायच्या, डोळे मिटायच्या. त्यांचे डोळे उघडेपर्यंत अक्कांनी हात हलवायचा नाही. मी एकदा दारातून ते पाहिलं. अक्कांच्या गालावर माशी फिरत होती, पण तळहात हलत नव्हता. पुन्हा मी पूजेच्या वेळी त्यांच्या दारात गेले नाही.

ब्लॉग वाचणाऱ्या बायकांनी एका रविवारी उमरग्याला जमायचं ठरवलं. ज्यांनी काळ्या मातीवरून टोकलं होतं त्यांच्याच घरी. प्रत्येकीनं एक रोप आणायचं. अक्कांनी मला ते वाचून दाखवलं आणि पहिल्यांदाच "कुठं जायचंय मला" म्हटलं नाही. माहेरी जाऊन त्यांना वर्षं झाली होती. आईवडील राहिले नव्हते, पण गाव तर होतं.

"जावा," मी म्हटलं. "पूजा उरकून निघा. अव्वांपाशी मी बसते. सांजच्याला परत."

"मालकाला इचारते." मालकांनी हो म्हटलं, हे सांगताना त्यांचा चेहरा फुलला होता.

त्या रविवारी हिरवी इरकल नेसून, मोगऱ्याचं फांदीपासून केलेलं रोप पिशवीत उभं धरून अक्का निघाल्या. कोपऱ्यावर वळून त्यांनी एकदा घराकडे पाहिलं. मी हात केला, जावा, जावा. आत येऊन अव्वांच्या पलंगाशी बसले. अव्वा झोपल्या होत्या. पत्रिकांची प्रुफं तपासत मी तिथं किती वेळ बसले कुणास ठाऊक, पण दारात चपला वाजल्या तेव्हा उन्हं अजून अंगणातही आली नव्हती.

अक्का परत आल्या होत्या. हातात पिशवी नव्हती.

"बस न्हाई लागली?"

"लागली की. खिडकी बी मिळाली." पदरानं तोंड पुसत त्या उंबऱ्यातच बसल्या. "बसले, आन् कानात लोटा वाजायला लागला. उतरले."

मला इतका राग आला! "अक्का, अव्वा निजल्यात! एकदाबी लोटा वाजला न्हाई! कामून उतरलाव?"

"मला तर ऐकू आला," त्या म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. मी प्रुफं गोळा केली आणि घरी येऊन रडले.

रोपाचं मात्र त्यांनी बरोबर केलं होतं. आमच्याकडे डबा, औषध, लग्नाची पत्रिका, काहीही कंडक्टरच्या हाती देतात आणि ते पोचतं. तशी त्यांनी मोगऱ्याची पिशवी कंडक्टरकडे दिली, आणि पलीकडे उतरवून घ्यायला उमरग्याच्या बाईंना फोनवर कळवलं. संध्याकाळी ब्लॉगवर प्रतिक्रिया आली. "अक्का, मोगरा उमरग्याला पोचला. तुम्ही कधी?" त्यांनी ती मला भिंतीवरून वाचून दाखवली, दोनदा. उत्तर लिहिलं नाही. मोगऱ्यावर पुढेही लेख लिहिले, पण त्या प्रश्नाखालची जागा तशीच राहिली.

थंडीत अव्वा गेल्या. लिंगायतांत पुरतात, तसं लिंगही त्यांच्याबरोबर मातीत गेलं. नंतर एका सकाळी काही विचारायला मी गेले, तर अक्का रिकाम्या पलंगाशी डावा तळहात पुढं करून बसलेल्या. मला पाहून हात पदराखाली घेतला. "सवय," म्हणाल्या. मला वाटलं, आता तरी ही बाई जाईल. मी तर उमरग्याच्या गाडीच्या वेळाही विचारून ठेवल्या.

पण मुलगा आला, अडत मोडायची ठरली, आणि आईवडिलांना पुण्याला न्यायचंही ठरलं. फ्लॅट वरच्या मजल्यावर, बाल्कनीत वॉशिंग मशीन. अक्कांना कुणी विचारलं नाही, आणि त्या भांडी बांधायला लागल्या. कुंड्या गाडीत मावत नव्हत्या. "तू पाणी घाल," एवढं मला सांगून त्या निघाल्या. निघताना डब्यात थोडी काळी माती घेतली. मी म्हटलं, अक्का, ती चालत नाही. "ठाऊक हाय," त्या म्हणाल्या, "र्‍हाऊ दे संगं."

पुण्याची वाट उमरग्यावरूनच जाते. मला मनातून खात्री होती, अक्का तिथं उतरतील.

त्या दुपारी मी पहिल्यांदा मधली भिंत ओलांडून त्यांच्या गच्चीवर गेले. मोगऱ्याला पाणी घालत होते तेवढ्यात फोन आला. गाडीचा आवाज येत होता.

"उमरगा गेलं की आत्ता," अक्का म्हणाल्या. "चौक सगळा बदललाय. माझा मोगरा तिथंच कुठंतर असंल."

"आन् उतरला न्हाई?"

"गाडी थांबली न्हाई."

"थांबीव म्हणायचं होतं की लेकाला!"

मग त्या नेहमीसारख्या हसल्या. "म्हणले न्हाई. जाऊ दे. कुठं जायचंय मला?"

फोन ठेवला त्यांनी. मी राहिलेल्या कुंड्यांना पाणी घातलं. खाली घराला कुलूप होतं, तरी पाणी घालताना माझी मान सारखी जिन्याकडे वळत होती.