अण्णांच्या संघात राखीव

ओल्या चुन्याचा वास... शेजारच्या भिंतीला सफेदी चालली होती, तेव्हाच गारखेड्याच्या घरून भावाचा फोन आला, ‘अण्णा गेले.’ त्याला आता पाच आठवडे झाले. अण्णांच्या, माझ्या वडिलांच्या, अंगालाही हाच वास असे. पहाटे कबड्डीच्या मैदानावर चुन्याच्या फक्कीने रेषा आखून ते घरी येत, तेव्हा बोटांच्या पेरांत तो पांढरा, किंचित जळजळीत गंध रेंगाळत असे.

या शहरात मुलींची कबड्डी अण्णांनी रुजवली. सामन्याच्या सकाळी रिक्षाला भोंगा बांधून ते शहागंज, उस्मानपुरा पालथे घालत आणि मुलींना नव्हे, त्यांच्या आयांना बोलावत. मैदानाच्या अगदी कडेला आयांसाठी सतरंजी अंथरलेली असे. पुरुषांनी मागे उभे राहायचे. एकदा एका बाईने रिक्षाच अडवली. ‘मास्तर, पोरी चड्ड्या घालून खेळनार, अन् आम्ही बघत बसायचं व्हय?’ अण्णा म्हणाले, ‘बसा की. अन् कुणी हसलं, तर चप्पल तुमच्याच पायात हाय.’ ती आली. मेंढरं विकून शहरात मजुरीला आलेले ते घर. पुढे तिचीच मुलगी, कमल, संघाची कर्णधार झाली.

त्या संघात मी चार वर्षे राखीव होते. एका उपांत्य सामन्यात एकीचा घोटा मुरगळला. मी उठून उभी राहिले, अंगावरची ओढणी काढून ठेवली... आणि अण्णांनी माझ्या मागच्या नवख्या मुलीला हाक मारली. घरी जेवताना मी कारण विचारले. ताटाकडे पाहत ते म्हणाले, ‘लोक म्हणतील, मास्तरनं पोरीसाठी संघ काढला.’ लोकांच्या बोलण्याची उभ्या आयुष्यात तमा न बाळगलेला माणूस माझ्यापाशी येऊन थांबला होता. मी खेळ सोडला. मला खेळता येत होते का, हे मात्र त्यांना विचारायचे राहून गेले.

तेराव्यानंतर त्यांच्या खेळाडू येत राहिल्या. ‘सर तुझंच कौतुक करायचे गं,’ जी ती म्हणे. सांत्वनासाठी जुळवलेले शब्द ओळखू येतात; कविता लिहिता लिहिता तेवढे शिकले आहे. सर्वांत शेवटी कमल आली, आता पोलिसात असलेली. पंचांच्या नजरेतून सुटलेला स्पर्शही ती हात वर करून कबूल करायची. म्हणून तिलाच विचारले, ‘मला मैदानात उतरवायला हवं होतं, असं अण्णा तुझ्यापाशी कधी बोलले?’

 ती माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरून म्हणाली, ‘नाय.’