परत सांगा, साहेब

माझ्या साडूइतका आज्ञाधारक माणूस गोंदिया जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि आज्ञा देणाऱ्यांना त्याच्याइतकं छळणाराही कुणी झाला नसेल. तो रुग्णवाहिकेवर सहायक होता. गाडीत एक तक्ता चिकटवलेला होता: त्याने आपल्या अधिकारात काय करायचं, त्याची यादी. ऑक्सिजन, सलाईन, पट्टी. त्यापलीकडचं काहीही करायचं तर फोनवर डॉक्टरांचा आदेश हवा. आदेश मिळाला की साडू म्हणायचा, "परत सांगा, साहेब." मग स्वतः शब्दन् शब्द म्हणून दाखवायचा, शेवटी "बरोबर?" विचारायचा, आणि पलीकडून "बरोबर" आल्याशिवाय सुईला हात लावायचा नाही. नंतर सगळं वहीत लिहून सहीसाठी डॉक्टरांच्या मागे फिरायचा. ती निळी वही दिसली की डॉक्टर मागच्या दाराने जेवायला जात.

ही सवय तो घरीही घेऊन यायचा. माझी मेव्हणी अंगणातून म्हणायची, "अवो, दूध उतू जाऊन राह्यलं, गॅस बंद करा." हा शेगडीपाशी उभा राहून म्हणायचा, "गॅस बंद करतो. पूर्ण बंद. बरोबर?" तिचं "बरोबर" येईपर्यंत दूध ओट्यावर. "लग्नातही भटजीले तीनदा विचारलं होतं यायनं, नवरी हीच का म्हणून," असं ती चारचौघांत सांगायची. मीही हसायचो. शाळेत मराठी शिकवणाऱ्या माणसाला पुनरुक्ती सोसत नाही.

मग एका दुपारी कामठ्याच्या शेतावर माझ्या बायकोला मधमाश्या चावल्या. गाडी आली, तिच्यावर नेमका साडूच. गोंदियाच्या वाटेवर तिचे ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. तिला लागणारं औषध पेटीत होतं, पण तक्त्यात नव्हतं. साडूने फोन लावला, आदेश ऐकला आणि म्हणाला, "परत सांगा, साहेब."

मी ओरडलो, "अरे, कायले परत? टोच ना लवकर."

"मास्तर, चूप राहा," तो म्हणाला, आणि फोनवर, "पूर्ण अँप्युल, शिरेत. बरोबर?"

 पलीकडून आवाज बदलून आला, "नाही, नाही. अर्धं. मांडीत, स्नायूत." साडूने तेही म्हणून दाखवलं. "बरोबर" आलं, तेव्हाच सुई टोचली. रेल्वे फाटकापर्यंत ती मोकळा श्वास घेऊ लागली होती. आधी सांगितलं तसं दिलं असतं तर हृदय बंद पडून जिवावर बेतलं असतं, हे वहीत सही करताना त्या डॉक्टरांनीच सांगितलं.

ती पुढे आठ वर्षं जगली. शेवटी दुसऱ्याच आजाराने अंथरूण धरलं. एक दिवस डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाजूला नेऊन सांगितलं, आता घरी न्या. साडू म्हणाला, "परत सांगा, साहेब." त्यांनी परत सांगितलं.

"घरी नेतो. औषध नाही, सुई नाही. बरोबर?"

आणि तो थांबला. कशासाठी, ते मला ठाऊक होतं. मीही त्याच "नाही, नाही"ची वाट पाहत होतो.

"बरोबर," डॉक्टर म्हणाले.

तो आदेश त्याने वहीत लिहिला नाही.

आता साडूही नाही. मेव्हणी मुलाकडे नागपूरला असते. सकाळी मी एका कपाचं दूध तापत ठेवतो आणि ते वर येऊ लागलं की मोठ्याने म्हणतो, "गॅस बंद करतो. पूर्ण बंद. बरोबर?" मग थांबतो. बहुतेक वेळा दूध उतू जातं.