सोलापूरहून समुद्राकडे निघालेली फळी

घरातून निघालो तेव्हा आमच्या सामानात पाठीवरच्या दोन सॅक होत्या, कडक भाकऱ्यांचा डबा होता, शेंगाचटणीची बरणी होती आणि मोराच्या नक्षीच्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेली, माझ्यापेक्षा हातभर उंच अशी एक वस्तू होती. रिक्षावाला ती टपावर बांधता बांधता म्हणाला, "काका, इस्त्रीचं टेबल न्यायलाय व्हय? मग ह्याचं पाय कुटं हायती?"

सर्फबोर्ड म्हणजे काय, हे कुठून समजावायला सुरुवात करावी याचा मी विचार करत होतो. तेवढ्यात माझी बायको आत बसत म्हणाली, "पाय माझे हायेत की. चला."

सुनंदा मंद्रूपची. इतकी वर्षं शाळेत शुद्ध मराठी शिकवली, पण फार आनंद झाला किंवा फार राग आला की तिची भाषा थेट माहेरी जाते. त्या सकाळी आनंद होता. डॉक्टरांनी तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन दीड महिन्यानं करायचं ठरवलं होतं आणि त्यानंतर उड्या, धावणं, घसरणं सगळं बंद, असं बजावलं होतं. त्यावर ही शांतपणे म्हणाली होती, "मग त्याआधी मला एकदा लाटेवर उभं राहायचंय." डॉक्टर हसले. मीही हसलो. हसायला नको होतं, हे महिनाभर पाठीवर सॅक घेतल्यावर कळलं.

पुण्याहून मुलाचा फोन आला, "बाबा, फळ्या तिथं भाड्यानं मिळतात. कोण घरून नेतं?" मलाही ते पटलं होतं. पण सुनंदा हटेना. लहानपणी मंद्रूपच्या विहिरीत पोरं पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकायची. घरात डबा एकच. आधी दादाची पाळी, मग चुलतभावांची, आणि हिची पाळी आली की दादा डबा काखोटीला मारून घरी जायचा. शेवटी ही डब्याशिवायच शिकली. "भाड्याची फळी म्हंजे परत कुणाच्या तरी पाळीची वाट बघा," ती म्हणाली. "मला माझी पायजे."

फळी मिळाली माझ्या जुन्या सहकाऱ्याच्या गच्चीवर. त्याचा मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला होता आणि त्याची आई फळीच्या पालथ्या बाजूवर सांडगे वाळवत होती. फळी घरी आणल्यावर पाहिलं, तर वरच्या बाजूला कसलासा चिकट, मळकट थर, साबुदाण्याएवढे खडे उमटलेला. घरातली भांडी उत्तम घासतो अशी माझी कीर्ती आहे, आणि ती मीच पसरवलेली आहे. मी कढत पाणी घेतलं, नारळाची शेंडी घेतली आणि दुपारभर बसून फळी घासली. शेजारचे बघायला आले. "आरशासारखी झालीय हो," म्हणाले. मी भांग सरळ आहे का तेही तिच्यात पाहून घेतलं. निघताना सासूबाईंनी नव्या गाडीला लावतात तसं हळदकुंकू लावून तिला पुढच्या टोकाला लिंबूमिरची बांधली.

हुबळीच्या गाडीत वरच्या बर्थवर फळी झोपली आणि उरलेल्या चार बोटांत मी. गाडीनं वळण घेतलं की ती मला ढकलायची. खालच्या बर्थवरचे विजापूरचे एक आजोबा म्हणाले, "तुमी खाली या की. तिला झोपू द्या." पहाटेपर्यंत मी त्यांच्या पायाशी बसून होतो आणि त्यांनी माझी निम्मी शेंगाचटणी संपवली होती.

हुबळीहून गोकर्णाच्या बसमध्ये फळी मधल्या वाटेत आडवी टाकली. घाटात बस भरली आणि बुट्टी (टोपली) घेऊन चढलेली एक म्हातारी सरळ फळीवर बसली. मी काही बोलणार, तर सुनंदानं मला कोपर मारलं. "बसू द्या. वजन पेलतीय का ते तरी कळंल."

आणि मग एका वळणावर झाडांमधून समुद्र दिसला. सोलापूरच्या माणसाला एवढं पाणी एकदम बघितलं की पहिल्यांदा वाटतं, कुणीतरी नळ बंद करा. सुनंदा मात्र खिडकीच्या गजांना धरून बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाण्यात उतरली. मला पोहता येत नाही, त्यामुळे मी घोटाभर पाण्यात उभा राहून जिवावर उदार झालो होतो. लाट आली की ती फळीवर पालथी पडायची, हात टेकायची, पाय वर घ्यायची आणि केळ्याच्या सालीवरून जावी तशी बाजूला जायची. त्यानंतरचा दिवसही तसाच गेला. संध्याकाळी गुडघा सुजला. त्यावर तेल चोळताना ती एवढंच म्हणाली, "वय झालं वाटतं, अहो." मला ते वाक्य आवडलं नाही. तिच्या तोंडी तर मुळीच नाही.

तिथं फळ्या भाड्यानं देणारी चैत्रा नावाची तिशीतली बाई होती. आम्ही घरून फळी आणल्याचा तिला जरा रागच होता. लांबून बघायची आणि तोंड फिरवायची. तिसऱ्या सकाळी मात्र तिला राहवलं नाही. आली, फळीवर हात फिरवला आणि म्हणाली, "मेण एल्ली, अक्का?" (मेण कुठाय, ताई?)

सुनंदाला सीमेवरचं कानडी येतं. दोघी बोलत गेल्या, आणि बोलता बोलता हळूहळू दोघींचीही नजर माझ्याकडे वळली. पाय घसरू नयेत म्हणून फळीवर मेणाचा खरखरीत थर चढवलेला असतो. साबुदाण्याएवढे खडे हेच त्यातलं कौशल्य. मी ज्याला मळ समजलो तो हा.

"शेंडीनं घासलं," सुनंदानं सांगितलं. "कढत पाणी घिऊन. शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं."

चैत्रा वाळूवर बसून हसली. हसू ओसरल्यावर तिनं मेणाची वडी आणली आणि माझ्या हातात दिली. "घासायची हौस आहे ना?" ती हिंदीत म्हणाली. "मग घासा." मी घासलं. या वेळी कुणी बघायला आलं नाही. त्या दुपारी चैत्रानं आमची कडक भाकरी हातात घेऊन वाजवून पाहिली, ही फळी याच पिठाची केलीय का विचारलं, आणि मग चटणी लावून दोन खाल्ल्या. राग गेला होता.

मेण लागल्यावर पाय घसरेनात, पण सुनंदा उभीही राहीना. झटकन उडी मारून दोन्ही पायांवर यायचं असतं आणि गुडघा उडीला तयार नव्हता. रोज सकाळी हेच. आम्ही पुढं होन्नावरला गेलो, उडुपीपर्यंत गेलो, देवळं पाहिली, नीर दोसे खाल्ले, आणि प्रत्येक गावी फळी उतरवताना लोकांनी विचारलं, "हे काय?" उत्तर देताना सुनंदाचा आवाज दर वेळी थोडा लहान होत गेला.

परतीच्या वाटेवर पुन्हा गोकर्ण. शेवटची सकाळ. चैत्रा कंबरभर पाण्यात फळी धरून उभी होती आणि "उडी, अक्का, उडी!" ओरडत होती. सुनंदा वैतागून म्हणाली, "थांब गं बाई. मला माझ्या पद्धतीनं उटू दे."

लाट आली. सुनंदा पोटावरून उठली ती उडी न मारता चुलीपुढच्या बैठकीत आली. एक पाय मुडपलेला, दुसरा गुडघा छातीशी, दोन्ही हात पुढं. गेली तीस-पस्तीस वर्षं मी तिला याच बैठकीत भाकरी थापताना बघतोय. गुडघा दुखायला लागला तरी तिनं ओट्याशी उभं राहून भाकरी केली नाही. आणि त्या बैठकीतून, तव्यावरची भाकरी करपायला लागल्यावर उठते तशी, डाव्या पायावर जोर देऊन ती उठली.

उभी राहिली. माझी बायको समुद्रावर उभी राहिली आणि थेट माझ्या दिशेनं यायला लागली. मी बाजूला व्हायचं विसरलो. फळी माझ्या पोटात बसली, आम्ही दोघंही पडलो, माझा चष्मा समुद्रानं ठेवून घेतला. तोंडातून खारं पाणी काढत ती विचारत होती, "बगितलं का? बगितलं का तुमी?"

बघितलं. चष्मा जायच्या आधी सगळं बघितलं.

चैत्रानं फळी विकत मागितली होती. सुनंदा नाही म्हणाली. सोलापूर ऐन उन्हात तापलेलं होतं. स्टेशनवर उतरून चादर सोडली तर मेण वितळून चादरीवरचा अर्धा मोर रंगासकट फळीला चिकटलेला. मी घासायला हात पुढं केला आणि तिनं नुसतं बघितलं. मी हात मागं घेतला.

लांबच्या प्रवासातून माणूस काय घेऊन येतो, असं लोक विचारतात. आम्ही जे नेलं होतं तेच घेऊन आलो. फक्त आता ते कशासाठी आहे, हे विचारणाऱ्याला सांगताना तिचा आवाज मोठा होतो.

ऑपरेशनला चार दिवस होते. आम्ही फळी घेऊन मंद्रूपला गेलो, त्याच विहिरीवर. दादा आता सत्तरीचे. फळीकडं बघत म्हणाले, "सुने, आता माजी पाळी काय?"

"न्हाय," सुनंदा पायरीवर बसत म्हणाली. "आता ह्यांची."

मी बरंच काही सांगून पाहिलं. माझं वय सांगितलं, जेवण झालंय सांगितलं, नवा चष्मा दाखवला. शेवटी मी मोराला मिठी मारून फळीवर पालथा पडलो आणि दादांनी ती काठापासून ढकलली. पाणी गार होतं, खोल होतं आणि फळी पेलत होती. मी डोळे मिटून घेतले. वरून आवाज आला, "अहो, नुसतं तरंगताय काय! पाय तुमचे हायेत की, हलवा!"