दोन खुर्च्यांमधलं अंतर

जिवंत आणि गेलेल्या माणसांशी सारख्याच मोठ्या आवाजात बोलणारा माणूस आमच्या शेजारच्या गणिताच्या सरांखेरीज अख्ख्या कोल्हापुरात सापडायचा नाही. त्यांच्या पत्नी, आमच्या बाई, गेल्यावर सरांनी बाईंची वेताची खुर्ची गॅलरीच्या एका टोकाला ठेवली आणि स्वतःची दुसऱ्या. मग भाजीचे भाव, गुडघेदुखी, माझा आळशीपणा, सगळं ते या टोकाहून त्या टोकाला ओरडून कळवत. दरवर्षी बाईंच्या श्राद्धाला मात्र उरलेलं अंतर निम्मं करून आपली खुर्ची तेवढी पुढे सरकवत.

"एकदाच शेजारी जाऊन बसा की," मी एकदा म्हणालो. "वेडेपणाला काही लिमिट, सर?"

"तुझी लिमिट म्हंजे पोलिसाची शिट्टी," सर गरजले. "हितं थांब, म्होरं जाऊ नको. शब्द त्योच, पर गणितातली लिमिट न्यारी हाय. जवळ जायाचं, आणखी जवळ जायाचं, आन् जाणं संपायचंच न्हाय. एकदा पोचलो की म्होरं जाऊ कुणाकडं, लेका?"

मी हसलो. तेवढ्यात रिकाम्या खुर्चीचा वेत करकरला, कुणीतरी नीट मागे टेकून बसावं तसा. "तिला हे पाठ हाय," सर म्हणाले. माझ्या हातातला चहा हातातच निवला.

नवरात्राआधी घर धुऊन काढायची आमच्याकडे रीत. चंदगडला दिलेली सरांची लेक मदतीला आली आणि गॅलरी धुऊन झाल्यावर तिने दोन्ही खुर्च्या हाताला हात टेकवून ठेवल्या. "आता बोला निवांत, बाबा. केवढं वरडताय!" सर पांढरेफटक पडले. खुर्च्यांना हात लावायचाही त्यांना धीर झाला नाही. त्या संध्याकाळी ते उंबऱ्यावर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. वेतही करकरला नाही. त्यांच्या ओरडण्याला मी एरवी वैतागायचो, पण त्या शांततेने माझ्या अंगावर काटा आला.

सकाळी सरांची हाक आली. बाईंची खुर्ची वीतभर मागे सरली होती आणि धुतलेल्या फरशीवर तिच्या पायांच्या ताज्या रेघा होत्या. लेक शपथेवर सांगत होती, तिने हात लावला नाही.

"बघ," सर रडता रडता हसले, "जागा करून दिली की न्हाय तिनं!"

पुढे सरही गेले. लेकीने खुर्च्या मला दिल्या, मी त्या माझ्या गॅलरीच्या दोन टोकांना ठेवल्या. आता सरकवणारं कुणी नाही, तरी दर वर्षी बाईंच्या श्राद्धानंतर केर काढताना मधली जागा कमी झालेली दिसते. भीती वाटते, आणि बरंही वाटतं. नवरात्राआधी मी मधली फरशी तेवढी पुसतो, खुर्च्यांना हात लावत नाही. सरांचं ओरडणं फार आठवतं. आता बहुतेक त्यांना ओरडावं लागत नसेल.