बापाच्या थरथरीचं नाव

"सकाळी सकाळी ढोसून आलाय का हा?"

सरांनी हे माझ्या बापाला विचारलं नाही. प्रयोगशाळेच्या दारात, त्याच्यादेखत, मला विचारलं. मी नाशकात एम.एस्सी.ला होते. बाप पेठहून पहिल्या एसटीने नागलीचं पीठ द्यायला आलेला. पिशवी हातात थडथड हलत होती. पीठ फरशीवर सांडलं. प्रयोगशाळेतली पोरं हसली.

"मी पित नाय सायेब," बाप म्हणाला. जीभ जड झालेली. पोरं आणखीच हसली.

मी वाकले. पीठ गोळा केलं. मला बापाची लाज वाटली. हे कबूल करायला फार वर्षं लागली.

पुढच्याच आठवड्यात त्याच सरांनी मायटोकाँड्रिया शिकवायला घेतलं. पेशीला ऊर्जा पुरवणारे बारीक घटक. मेंदूच्या ठरावीक पेशींत ते बिघडले की पेशी मरतात. हात कापतात, चाल अडखळते, बोलणं जड होतं. पार्किन्सन्स. काही कीटकनाशकं याच घटकांवर घाव घालतात, असंही सर म्हणाले.

पुढच्या बाकावरची मैत्रीण म्हणाली, "सर, माझ्या आजोबांना आहे."

सरांचा आवाज एकदम मऊ. "अरेरे. जपा हं त्यांना."

मी जळले. तिच्या स्कूटीवर, तिच्या इंग्रजीवर जळले नव्हते इतकी तिच्या आजोबांच्या आजारावर जळले. त्यांच्या थरथरीला नाव होतं, डॉक्टर होता, गोळ्या होत्या. माझ्या बापाच्या थरथरीला दारू. पिंपळगावच्या द्राक्षबागांत वीस हंगाम पाठीवर पंप घेऊन औषध मारलं त्याने. उघड्या हातांनी.

मी उभी राहिले.

"सर, माझे वडील त्या दिवशी प्यायले नव्हते. त्यांना हेच झालंय. तुम्ही हे शिकवता. तुम्हाला दिसायला हवं होतं."

"बस खाली."

नाही बसले. वही उचलली, बाहेर पडले.

बापाला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "रोज किती पितो?"

"आधी तपासा," मी म्हणाले.

तपासलं. तोच आजार. गोळ्यांनी हात थोडा थांबला. पण मेलेल्या पेशी परत येत नाहीत. चार वर्षांत बाप गेला. मैत्रिणीचे आजोबा तेव्हाही काठी घेऊन फिरायला जात होते. मी अजून जळते. ते मला विझवायचं नाही.

फवारणीचं औषध आणि मेंदूच्या पेशी, हाच विषय मी पीएच.डी.च्या संशोधनाला घेतला. मार्गदर्शक म्हणून त्याच सरांचं नाव आलं. मी लेखी नकार दिला. कारणही लिहिलं, स्पष्ट शब्दांत. वर्ष वाया जाईल, असं ऑफिसातून सांगितलं.

जाऊ दे. माझ्या बापाच्या आजारावर त्या माणसाची सही होणार नाही.