तीन सर्व्हर आणि मुकादम सर

अन्वर मुकादम सरांची आणि माझी पहिली भेट नेरूळच्या आमच्या छोट्या कंपनीत, माझ्या मुलाखतीच्या दिवशी झाली. त्यांनी मला एक वेब अ‍ॅप्लिकेशन दिले आणि कोपऱ्यातल्या तीन वेगवेगळ्या सर्व्हरवर चालवून दाखवायला सांगितले. पहिल्यावर ते चालले, दुसऱ्यावर चित्रे गायब झाली, तिसऱ्यावर पानच उघडेना. नोकरी गेली असे समजून मी उठू लागले, तर सर खुर्ची ओढून शेजारी बसले. "वा! हा तिसरा का रुसला असेल? तुम्हाला काय वाटतं?" कालपर्यंत कॉलेजात असलेल्या मुलीला 'तुम्ही' म्हणणारे आणि बिघाड दिसताच खूश होणारे साहेब मी प्रथमच पाहत होते.

सरांच्या साठीनिमित्त निघणारा हा अंक त्यांचे उरणकडचे नातलग आणि सोसायटीतले शेजारीही वाचतील. सर नेमके करतात काय, हे त्यांतल्या अनेकांना कोडेच असेल. आपण मोबाइलवर एखादे पान उघडतो, तेव्हा आपली मागणी आतल्या प्रोग्रामपर्यंत पोचवणारा एक मध्यस्थ असतो, तो वेब सर्व्हर. हे सर्व्हर अनेक प्रकारचे, आणि प्रत्येकाची रीत निराळी. फायली कुठे ठेवायच्या, प्रोग्राम कसा सुरू करायचा, सगळ्यातच फरक. आमचे अ‍ॅप्लिकेशन यांपैकी कुणाकडेही सुखाने नांदेल असे बांधून देणे, म्हणजे पॅकेजिंग, हे सरांचे काम.

सर ते समजावताना म्हणत, "लेक सासरी पाठवण्यासारखंच आहे हे. तिथल्या रीतीप्रमाणे तिला थोडं बदलावं लागतं." म्हणून प्रत्येक सर्व्हरसाठी त्याच अ‍ॅप्लिकेशनची एक वेगळी, बदललेली प्रत असे. एकदा डबा खाताना मी सहज चिडवले, "सर, दर वेळी लेकीनंच का बदलायचं?"

सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या म्हणाले, "तुमचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. घरी हिलाही विचारला. ती म्हणते, इतक्या वर्षांत आज विचारताय होय!" मग फळ्यावर नवी आखणी सुरू झाली. "लेक आहे तशीच राहील. जुळवून घेणारा एक छोटा तुकडा आपण दारात बसवू. सर्व्हर बदलला की तेवढा तुकडा बदलायचा, आतल्या कामाला हात लावायचा नाही." कालच्या पोरीच्या थट्टेवरून स्वतःची मुरलेली पद्धत मोडायला मोठे मन लागते.

या पद्धतीची परीक्षा झाली ती जासईला. तिथल्या एका कंटेनर यार्डात आमच्या अ‍ॅप्लिकेशनवर गेटपास निघत. यार्डाने सर्व्हर बदलायचे ठरवले आणि मॅनेजरांनी बजावले, "नव्यावर पहिल्या दिवशी चाललं नाही, तर मी दुसरी पार्टी बघणार." आमचा निम्मा धंदा त्या एकाच गिऱ्हाइकावर होता. ते गेले असते, तर आमच्यातल्या काहींना घरी बसावे लागले असते, आणि नवखी म्हणून पहिला नंबर माझाच होता.

नव्या सर्व्हरच्या पहिल्या सकाळी सर आणि मी यार्डात हजर होतो. पान झटकन उघडले, पण पास काही निघेना. बाहेर ट्रेलर खोळंबले. गेटवरचे घरतकाका खिडकीतून ओरडले, "बाय, गाड्यांची रांग लागली हाय. पास निंगतंय का नाय?" मॅनेजर तर नव्या सर्व्हरला दोष देत आपल्याच माणसांवर डाफरत होते. आम्ही गप्प बसलो असतो, तरी निभावून गेले असते.

"थांबा हो, ते काय म्हणतंय ते तरी वाचू," म्हणत सर स्क्रीनवर वाकले. मग मान वर करून सगळ्यांसमोर म्हणाले, "साहेब, तुमच्या माणसांना बोलू नका. चूक माझी आहे. पास साठवायची जागा म्हणून आमच्या नेरूळच्या मशीनमधल्या फोल्डरचं नाव मीच लिहून ठेवलंय. ते इथे कुठून असणार?" दारातल्या तुकड्यातली एक ओळ बदलली, पास निघाला, फाटक उघडले.

"मुकादमसाहेब, हे सांगायची काय गरज होती?" मॅनेजरांनी नंतर विचारले.

"नाहीतर तुमची माणसं भलत्याच ठिकाणी शोधत बसली असती ना," सर म्हणाले. यार्डाने आम्हाला सोडले नाही, आणि माझी नोकरीही राहिली.

परवा त्याच मॅनेजरांचा दुसऱ्याच कामासाठी फोन आला. बोलता बोलता कळले की त्यांनी मध्यंतरी सर्व्हर पुन्हा बदलला. दारातला तुकडा त्यांच्याच ऑफिसातल्या मुलांनी सरांच्या सूचना वाचून बदलला आणि आम्हाला कळवायचेही राहून गेले. सरांचे प्रश्न थांबेनात. कुठला घेतला? कुठे अडलं? अजिबातच नाही? फोन ठेवून ते माझ्याकडे वळले तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता. "वैशाली, आपली गरजच लागली नाही!" मला आनंद झाला आणि का कुणास ठाऊक, भरूनही आले.

आता सर हळूहळू सगळे काम आमच्यावर सोपवू म्हणतात. सर, तुम्हाला ठणठणीत प्रकृती लाभो, भाभींसह उदंड आयुष्य लाभो, आणि तुमचे प्रश्न कधी न संपोत. तुम्ही सगळे इतके नीट बांधून ठेवले आहे की तुमच्यावाचूनही ते बिनबोभाट चालेल. पण ती एक चाचणी आम्हाला एवढ्यात घ्यायची नाही.